घरच्या शिक्षणाला कायद्यात स्थान हवे

आपल्या मुलाने कोठे आणि कसे शिकावे, हे कोणी ठरवायचे? आई-वडिलांनी की सरकारने? मूल आमचे, तेव्हा निर्णयही आमचाच, असे कोणीही पालक सहज म्हणेल. कायदा मात्र तसे म्हणत नाही. 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' याचे कलम १० प्रत्येकाने वाचावे. आपल्या पाल्यास परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे ते बजावते. मुलाला घरी बसवून मनोभावे शिकवणाऱ्या आईचा या अधिनियमात कोठेही उल्लेख नाही.

वास्तविक २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने पालकांवर जे मूलभूत कर्तव्य सोपवले, ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे आहे. त्यात शाळेचे नाव नाही. संविधानाने 'शिक्षण' म्हटले. अधिनियमाने त्याचा अर्थ 'शाळाप्रवेश' एवढाच केला. हजेरीपटावर नाव नाही म्हणजे मूल 'शाळाबाह्य', मग ते घरी गणित, विज्ञान, इतिहास आणि संस्कृत कितीही उत्तम शिकत असो!

ना बंदी, ना मान्यता

कलम १० मोडणाऱ्या पालकाला या अधिनियमात दंड सांगितलेला नाही. सक्तीचा भार तर कलम ८ ने सरकारवरच टाकला आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा अधिनियम येत नाही, असेही सांगितले होते. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे. शिवाय चार कुटुंबांनी एकत्र येऊन मुलांचे वर्ग भरवले आणि कोणी त्यास 'विनामान्यता शाळा' ठरवले, तर कलम १८ अन्वये एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे प्रत्येक दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. या टांगत्या तलवारीखाली पालकांनी किती काळ राहावे?

सवलत कोणालाच नाही, असे असते तर गोष्ट वेगळी होती. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या अधिनियमातून वगळण्यात आल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'प्रमती' प्रकरणात अल्पसंख्याक शाळांनाही पूर्णतः मुक्त केले. त्या निर्णयाविषयी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठाने शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने विचार करावा असे सुचवले, हे स्वागतार्ह आहे. मात्र संस्थेला जे स्वातंत्र्य मिळाले, ते कुटुंबाला का नाही? ज्या समाजात माता हीच प्रथम गुरू मानली गेली, त्याच देशाच्या कायद्याला ती माता शिक्षिका म्हणून दिसू नये, यापरते दुर्दैव कोणते?

गंमत अशी की, शासनच दुसऱ्या हाताने ही वाट उघडी ठेवते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष परीक्षा घेते आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीला बसू देते. १७ नंबरचा फॉर्म मराठी घरांना नवा नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केले. परीक्षा चालते, मग अभ्यास का चालू नये?

इतर देश काय करतात?

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे. न्यूयॉर्कमध्ये पालकांनी पूर्वसूचना, अभ्यासक्रमाचा आराखडा, त्रैमासिक अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन द्यावे लागते. टेक्सासमध्ये नोंदणीचीही सक्ती नाही. जर्मनीची तऱ्हा उलट. तेथे १९३८ मध्ये नाझी राजवटीने देशभर शाळासक्ती लादली आणि घरच्या शिक्षणाचा मार्ग आजही जवळजवळ बंद आहे. आपल्या विचारवंतांना यांतले कोणते उदाहरण प्रिय आहे?

ते म्हणतील, अशी मोकळीक दिली तर बालमजुरी वाढेल, मुली चुलीपाशी बसवल्या जातील. हा आक्षेप गंभीर आहे, तो झटकून चालणार नाही. म्हणूनच आमची मागणी निर्बंधमुक्तीची नाही. पालकाने दरवर्षी नोंदणी करावी, मुलाचे वार्षिक मूल्यमापन व्हावे, प्रगती नसेल तर त्याला शाळेत पाठवणे बंधनकारक असावे. मुलीला घरकामास जुंपून 'घरी शिकवतो' म्हणणाऱ्याला अशा कायद्याने चाप बसेल. आजच्या संदिग्धतेत तोच मोकळा राहतो.

सरकारी मान्यता हीच शिक्षणाची कसोटी असती, तर प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासात अमर झाले नसते. परकीय सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडले. आज सरकार आपले आहे, म्हणूनच अपेक्षाही अधिक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पर्यायी शिक्षणपद्धतींना वाव देण्याची भाषा केली आहे. कलम १० मध्ये दुरुस्ती करून ती कृतीत उतरवावी.

ही दुरुस्ती होईपर्यंत, घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी अभ्यासाच्या नोंदी काटेकोर ठेवाव्यात आणि मुलांची मुक्त विद्यालयात नोंदणी करावी. इतरांनी आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारावा. घर हे संस्कारांचे केंद्र आहे, असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. ते ज्ञानाचेही केंद्र होऊ शकते, हे कायद्याकडून मान्य करून घेण्याची जबाबदारी आता आपली आहे.