काळे तेल म्हणजे वाईट तेल नव्हे

निफाड, दिंडोरी, चांदवड ह्या तालुक्यांत ज्याच्यापाशी द्राक्षबाग आहे त्याच्यापाशी बहुधा लहान ट्रॅक्टरही असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा व भुरी ह्या रोगांचे भय सुरू झाले म्हणजे ब्लोअर ओढणाऱ्या ह्या ट्रॅक्टरास विसावा असा राहत नाही. पाऊस उघडताच फवारणी झालीच पाहिजे. त्या दिवशी एंजिन बसले तर वर्षाचे पीकच धोक्यात येते. असे असूनही ज्या थोड्याशा तेलावर त्या एंजिनाचे आयुष्य अवलंबून, त्याची परीक्षा आमच्याकडे अद्याप बोटाने व नाकानेच होते. डिपस्टिक ओढावी, थेंब चिमटीत चोळावा, काळा दिसल्यास 'तेल संपले' म्हणावे आणि सोनेरी दिसल्यास 'अजून चालेल' म्हणावे, हा सार्वत्रिक प्रघात आहे. आमच्या मते हा प्रघात काही अंशी उपयोगी व काही अंशी घातक आहे. म्हणून त्यातील ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, ह्याचा विचार करणे अवश्य आहे.

प्रथम रंगाविषयी. डीझेल एंजिनात इंधन जळताना काजळी उत्पन्न होते. ही काजळी एके जागी साचू न देता आपल्या अंगी तरंगत ठेवावी, अशी द्रव्ये आजच्या तेलात मुद्दाम मिसळलेली असतात. त्यामुळे नवे तेल ओतल्यावर थोड्याच तासांत ते काळे पडते. हा त्याचा दोष नसून ते आपले काम करीत असल्याची खूण होय. उलटपक्षी, तेल पिवळे दिसते एवढ्यावरून ते चांगले ठरत नाही. जुन्या डब्यात भरून विकलेले बनावट तेलही दिसावयास सोनेरीच असते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. दाटपणाचीही तीच गत. गरम तेल पातळ लागते व थंड तेल दाट लागते. बोटांस त्याचे माप कळत नाही.

तथापि डोळा व नाक अगदीच निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. काही संकटे ती निश्चित ओळखतात. तेल दुधाळ चहासारखे झाले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. त्याबरोबर रेडिएटरचे पाणी उतरत असेल किंवा कुलंटचा गोडसर वास येत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा व एंजिन तत्काळ बंद करावे. मात्र निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे दहापंधरा मिनिटेच एंजिन चालविले, तर तेल ओतावयाच्या झाकणाखाली पांढुरका फेस धरतो. डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असेल, तर तो केवळ थिजलेल्या वाफेचा असतो व एंजिन तासभर चांगले तापल्यावर नाहीसा होतो. दोहोंतील हा भेद न जाणल्यामुळे एंजिन विनाकारण उघडण्याची पाळी येते. तेलास डीझेलचा उग्र वास येत असेल आणि डिपस्टिकवरील पातळी घटण्याऐवजी वाढली असेल, तर इंजेक्टर किंवा डीझेल पंप गळत असावा. करपल्याचा वास आला, तर एंजिन अतिशय तापले आहे असे जाणावे. ह्या तिन्ही प्रसंगी केवळ तेल बदलून भागणार नाही. मूळ बिघाड शोधलाच पाहिजे.

परंतु सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांस दिसत नाही व नाकास कळत नाही. तो म्हणजे धूळ. बागेच्या दोन ओळींमधून चालताना उडणारी बारीक माती नादुरुस्त एअर क्लिनरमधून आत गेली, की ती तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर कानशीप्रमाणे घासते. ती तेलाचा रंग बदलीत नाही, तिला वासही नाही. तिचा पत्ता प्रयोगशाळेत तेलातील सिलिकॉन व लोह मोजल्यावरच लागतो.

ह्यावर उपाय काय? पहिला व अगदी बिनखर्चाचा उपाय म्हणजे तासांची वही. मीटरवरील तास, तेल बदलल्याची तारीख आणि मधून घातलेले तेल ह्यांची नोंद ठेवावी. ट्रॅक्टराच्या पुस्तिकेत सांगितलेली मुदत, जी पुष्कळ ट्रॅक्टरांस २५० तासांची असते, रंग कसाही असो, पाळावी. धुळीच्या कामात ती थोडी अलीकडेच आणावी. दुसरा उपाय टीपकागदाचा. गरम तेलाचा एक थेंब त्यावर टाकून कागद काही तास आडवा ठेवावा. डाग कडेकडे क्रमाने फिका होत पसरला, तर तेलात काजळी वाहण्याची शक्ती शिल्लक आहे. मध्ये डांबरासारखा ठिपका राहून त्याची कड एकदम तुटली, तर ती शक्ती संपली, असे समजावे.

तिसरा उपाय संघाने करावयाचा आहे. आमचा द्राक्ष बागायतदार पानाचा देठ प्रयोगशाळेत पाठवून वेलीस काय हवे ते विचारतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघाले. त्याच्या आधीपासून व नंतर शास्त्रीय परीक्षणावर ह्या भागाचा विश्वास वाढतच गेला आहे. जो वेलीच्या बाबतीत अंदाजावर राहत नाही, त्याने लाखो रुपयांच्या यंत्राच्या बाबतीत तरी अंदाजावर का राहावे? लहान ट्रॅक्टराच्या एकट्या मालकास दर खेपेस तेलाचे परीक्षण परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गावोगावच्या सोसायट्यांनी छाटणीच्या आधी सभासदांचे नमुने एकत्र करून पाठवावेत व खर्च वाटून घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

जाता जाता एक गोष्ट. काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीलगत ओतण्याची चाल सर्वथा त्याज्य होय. २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची गणना होते. ते बंद डब्यात साठवून परवानाधारक पुनर्शोधकाकडे गेले पाहिजे, आणि हे कामही सोसायटीनेच अंगावर घेणे सोयीचे आहे.

डोळा व नाक ही राखणदार म्हणून ठेवावीत. न्यायाधीशाचे आसन त्यांस देऊ नये. तो निवाडा वहीने, टीपकागदाने व प्रयोगशाळेने करावा. येत्या छाटणीपूर्वी प्रत्येक सभासदाने निदान वही तरी सुरू करावी, एवढीच आमची विनंती आहे.