बोट समुद्रात उलटते, कारण धक्क्यावर घडते

पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि बोटी पुन्हा खोल समुद्रात जातात. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी तरुण खलाशी असतात, तर गुजरातच्या बोटींवर पालघर-डहाणूचे आदिवासी. बोट उलटली की बातमी ठरलेली: ‘खवळलेल्या समुद्रामुळे दुर्घटना.’ लाट हे अर्धेच कारण असते. उरलेले अर्धे बोटीतल्या वजनाच्या मांडणीत असते.

जड वजन तळाशी असेल तर कललेली बोट सरळ होते. निघताना डिझेल आणि बर्फ खाली असतात. दिवस जातात तसे डिझेल जळते, बर्फ वितळतो, तळ हलका होतो. त्याच वेळी ओली, जड झालेली जाळी वर डेकवर येते. भरलेले जाळे कप्पीला लटकले की त्याचे सारे वजन कप्पीच्या उंचीवर असल्यासारखा परिणाम होतो. डेकवर साचलेले पाणी किंवा मोकळी मासळी बोट कलेल त्याच बाजूला धावते. मध्ये एक उभी आडफळी घातली तर हा धोका जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे उपाय महाग नाही.

पण केबिनवर मजला चढवणे, मोठे विंच बसवणे, जास्त मासळी भरणे हे निर्णय खलाशी घेत नाही. ते मालक घेतो आणि मालकाच्या डोक्यावर कर्ज व डिझेलचा खर्च असतो. त्यात मजुरी मासळीच्या हिश्श्यावर असेल तर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या खलाशाचेच पोट मारले जाते. अशा वेळी सगळा दोष तांडेलाच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

कायद्याचे संरक्षणही बोटीच्या आकाराप्रमाणे मिळते. मासेमारी जहाजांच्या सुरक्षेचा २०१२ चा केप टाउन करार २४ मीटर व त्याहून लांब जहाजांसाठी आहे. आपल्या बहुतेक बोटी त्याहून लहान. १२ मीटरपेक्षा लहान बोटींसाठी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या शिफारशी आहेत, पण त्या ऐच्छिक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००७ चा १८८ क्रमांकाचा करार सांगतो की सुरक्षेसाठी तांडेलाने घेतलेल्या निर्णयात मालकाने आडवे येऊ नये आणि बोटीवरच्या माणसांची यादी किनाऱ्यावर असावी. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. जगात दरवर्षी १ लाखाहून अधिक मच्छीमार मरतात, असा अंदाज २०२२ च्या एका अभ्यासाने मांडला आहे. यादीच नसेल तर त्यातले आपले किती, हे कोण सांगणार?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. बोटीत फेरबदल झाला की स्थिरतेची तपासणी पुन्हा व्हावी. भार किती चढवायचा त्याची खूण बोटीच्या अंगावर रंगवलेली असावी. प्रत्येक फेरीची खलाशी-यादी बंदरात राहावी आणि तिची प्रत खलाशांच्या गावच्या ग्रामपंचायतीला मिळावी.

प्रशिक्षणही खलाशाच्या भाषेत व्हावे. एक साधी चाचणी घड्याळावर करता येते. शांत पाण्यात बोट हलवून एका पूर्ण झोक्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे. बोटीच्या रुंदीच्या मीटरपेक्षा सेकंद जास्त भरले, तर ती सावध होण्याची खूण. झोका मंद आणि आरामशीर वाटू लागला तर खलाशाला बरे वाटते, पण सरळ होण्याची बोटीची ताकद तेव्हाच कमी झालेली असते.

कामावर निघालेला माणूस जिवंत घरी परतणे हा हक्क आहे. तो लाटेच्या मर्जीवर सोडता येणार नाही. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या तालुक्यातून किती जण बोटींवर जातात, त्यांची नावे कुठे नोंदली आहेत, एवढे विचारून कार्यकर्त्यांनी सुरुवात करावी.