भुसा घाला, बर्फ पक्का!

या वीकेन्डला फ्रीजर रिकामा करा. आइस्क्रीम संपवायला तेवढंच निमित्त! दोन सारखे प्लास्टिकचे डबे घ्या. एकात नुसतं पाणी. दुसऱ्यात ८६० ग्रॅम पाण्यात सुताराकडून आणलेला १४० ग्रॅम लाकडाचा भुसा कालवा. दोन रात्री राहू द्या. मग गच्चीवर जा, डोळ्यांवर गॉगल चढवा आणि दोन्ही ठोकळ्यांवर हातोडा घाला. साध्या बर्फाच्या ठिकऱ्या उडतील. भुशाच्या ठोकळ्याला फार तर खळगा पडेल.

याचं नाव पायक्रीट. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या मधोमध विमानं पोचत नव्हती आणि जर्मन पाणबुड्या तिथंच मालवाहू जहाजं बुडवत होत्या. जेफ्री पाइक या अवलियाने सुचवलं, समुद्रात ६०० मीटर लांबीचा बर्फाचा तरंगता विमानतळच बांधू! ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकच्या बैठकीत माउंटबॅटन यांनी (हो, आपले शेवटचे व्हाइसरॉय) दोन ठोकळ्यांवर पिस्तूल झाडलं. साधा बर्फ फुटला. पायक्रीटवरून गोळी चक्क उसळून परत फिरली.

फंडा सोपा आहे. बर्फात तडा सुरू झाला की थेट आरपार जातो. वाटेत लाकडाचा तंतू आडवा आला की तो तिथंच अडकतो. मातीच्या भिंतीसाठी चिखलात भुसा कालवतात, त्यामागचं गणित हेच.

मग ते जहाज कुठंय? लंडनच्या स्मिथफील्ड मटण बाजाराखालच्या शीतगृहात मॅक्स पेरुट्झ याच ठोकळ्यांची परीक्षा घेत होते. (१९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांचंच, पण हिमोग्लोबिनसाठी.) त्यांना दिसलं, की गोळी झेलणारं पायक्रीट स्वतःच्याच वजनाने मात्र हळूहळू वाकतं. ते थांबवायचं तर सुमारे उणे १५ अंशांत ठेवायला हवं. म्हणजे अख्ख्या जहाजालाच फ्रीज! खर्च फुगला, तोवर लांब पल्ल्याची विमानं आली आणि योजना गुंडाळली गेली.

तेव्हा कुणी एखादी वस्तू 'एकदम मजबूत' म्हणून गळ्यात मारायला लागलं, तर विचारा: एका फटक्याला, की रोजच्या ओझ्याला? दोन्ही परीक्षा वेगळ्या असतात, बॉस.

आणि हो, वितळलेला भुसा मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल. कुंडीत टाका.