तेरा चेटकिणी आणि पाचूचा हार

जाड पुस्तकाविषयी वाचकांचे मत विचारू नये, असे आमच्या कडोलीतील एक वयोवृद्ध ग्रंथप्रेमी गृहस्थ नेहमी म्हणतात. ज्याने ते पुरते वाचले तो आपल्या चिकाटीचे कौतुक सांगतो आणि ज्याने अर्ध्यावर टाकले तो आपल्या रसिकतेचे. पुस्तक बिचारे दोघांच्याही बोलण्यात कोठेच नसते. तरीही या खेपेस मी तो प्रमाद जाणूनबुजून केला. वाचकांच्या त्या मतांचाच हा वृत्तान्त आहे.

बडोदे-इंदुराकडील वाचकांना कडोलीची ओळख करून द्यावयाची तर एवढे पुरे, की बेळगावनजीकचे हे शेतकऱ्यांचे गाव मराठी साहित्य संमेलन भरविते आणि मांडवात दाटीवाटीने बसून ते ऐकते. अशा गावात दहाबारा माणसे पंधरवड्याला एकत्र बसून पुस्तकावर वाद घालतात यात नवल नाही. नवल पुस्तकाचे होते. अ‍ॅन राईस या अमेरिकन लेखिकेची ‘द विचिंग अवर’ ही १९९० साली प्रसिद्ध झालेली, हजार पृष्ठांच्या आसपासची कादंबरी मंडळातील एका तरुणाने आणली. मूळ इंग्रजी त्याने व महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने वाचले. इतरांसाठी मी चार बैठकांत ती कथा मराठीतून सांगितली.

कथा एका चेटकिणींच्या घराण्याची आहे. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधील एका खेड्यात सुझान नावाची अडाणी सुईण एका अदृश्य शक्तीला, जणू खेळता खेळता, हाक मारते. ती शक्ती येते आणि मग जात नाही. सुझानला गावकरी जाळतात. परंतु तो ‘लॅशर’ तिच्या मुलीकडे, तेथून नातीकडे, असा तेरा पिढ्या चालत येतो. घराणे स्कॉटलंडहून फ्रान्सला, तेथून आजच्या हैतीमध्ये आणि अखेर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी येते. पैसा वाढतो, वाडा उभा राहतो. प्रत्येक पिढीत एकच मुलगी वारस ठरते, आणि तिच्या गळ्यात पाचूचा एक हार पडतो. बारावी वारसदार डेअर्ड्रे हिला तिच्या आजीची बहीण वर्षानुवर्षे गुंगीची औषधे देऊन वाड्याच्या ओसरीवर खुर्चीत बसवून ठेवते. मान कललेली, मुखातून शब्द नाही, आणि गळ्यात तो हार. तिची मुलगी रोवन हिला जन्मतःच दूर कॅलिफोर्नियात पाठवून दिलेले असते. ती मोठी होऊन मेंदूची नामांकित शस्त्रवैद्य होते. आई मेल्यावर ती त्या वाड्यात परत येते. पुढील भाग ज्यांना स्वतः वाचावयाचा असेल त्यांनी या लेखातील शेवटचे दोन परिच्छेद गाळावेत.

पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणे लांबीवर आला. कादंबरीच्या मध्यभागी त्या घराण्याचे दप्तरच्या दप्तर उलगडले आहे. पिढीमागून पिढी, तीनचारशे वर्षांच्या नोंदी, आणि तेवढ्या अवधीत नायिका जवळजवळ नाहीशीच होते. तरुणाचे म्हणणे, हा भाग कात्रीने कापला असता तर कादंबरी धावली असती. यावर आमचे वयोवृद्ध गृहस्थ उसळले. श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन जाडजूड खंडांत आले, तेव्हा ते त्यांनी एका पावसाळ्यात वाचून काढले होते. जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या चार पिढ्या त्यात आहेत. घराणे बुडते ते एका दिवसात बुडत नाही, ते बुडताना पाहावयाचे तर वाचकानेही काठावर तितका वेळ बसले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. शापाची कादंबरी शंभर पानांत संपली तर तो शाप न वाटता अपघात वाटतो. पणजीचे पाप पणतीच्या अंगावर येते हे लेखकाने सांगून भागत नाही. पणजी, आजी आणि आई यांच्याबरोबर वाचकाने संसार केलेला असावा लागतो. (याच कादंबरीवरून नाव घेतलेला ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्याची कथा मात्र पेंडशांची नव्हे.)

दुसरा आक्षेप भीतीचा. नारायण धारप यांच्या पुस्तकांवर वाढलेली एक पिढी आमच्या मंडळात आहे. ‘लुचाई’, ‘चेटकीण’, समर्थांच्या कथा. ग्रंथालयातील या प्रती इतक्या हातांतून गेलेल्या, की पुठ्ठा कोरा नवा आणि आतली पाने पिंपळपानासारखी जाळीदार. त्या वाचकांनी एकमुखाने निकाल दिला, की राईसबाई घाबरवीत नाहीत. धारपांचे भूत दाराशी येते, ही बाई भुताचे टिपण काढीत बसते. यात तथ्य आहे. धारपांनी परदेशी बीजे घेतली हे खरे. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची कादंबरी आहे. परंतु ती बीजे त्यांनी आपल्या मातीत अशी पुरली, की वाचकाला रात्री उठून कडी पाहावीशी वाटावी. आमच्याकडे भयकथेला दुय्यम मानण्याची रीत आहे. अभ्यासमंडळांना ती अद्याप विटाळल्यासारखी वाटते. माझ्या मते गेल्या अर्धशतकात जितकी मुले धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यामुळे वाचनालयाची पायरी चढली, तितकी थोर लेखकांमुळे चढली नसतील. असो.

तिसरा आक्षेप गंभीर होता आणि तो विज्ञान शिकविणाऱ्या एका शिक्षकबंधूंनी घेतला. करणी, भानामती, मूठ मारणे यांनी ज्या मुलखात संसार उद्ध्वस्त होतात, तेथे चेटकिणींची कथा रंगवून सांगणे म्हणजे विस्तवात तेल ओतणे नव्हे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, डॉ. कलबुर्गी ३० ऑगस्ट २०१५ रोजी, येथून जवळच धारवाडात, स्वतःच्या घराच्या दारात मारले गेले. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा, अंमल २०२० पासून. हे सारे ताजे असताना आपण हौसेने चेटूक वाचावे काय?

प्रश्न झटकून टाकण्याजोगा नव्हता. माझे उत्तर असे होते, की सातपुड्यात एखाद्या विधवेला डाकीण ठरविणाऱ्यांनी कादंबरी वाचलेली नसते. तेथे सहसा जमिनीचा तुकडा, भाऊबंदकी किंवा घरातील एखादा न उलगडलेला मृत्यू असतो. उलट राईसबाईंच्या कादंबरीत सुझानला जाळण्याचा भाग वाचताना वाचक जाळणाऱ्यांच्या बाजूस एक क्षणही उभा राहत नाही. शिक्षकबंधूंचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे, वाचक उभा राहत नाही. पण ऐकणारा राहतो.

एवढ्यात आमच्या मंडळातील आक्का बोलल्या. वय सत्तरीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, पण एकही बैठक चुकविलेली नाही. त्या म्हणाल्या, “गुर्जी, ह्ये भुताचं न्हवं, घराचं हाय. तो हार एकीच्या गळ्यातनं दुसरीच्या गळ्यात पडतोय, आन् पोरीला कुणी इचारत न्हाई. ह्ये आमाला काय नवं?”

मंडळी गप्प झाली, कारण ती गोष्ट येथे कोणालाही समजावून द्यावी लागत नाही. दूरच्या वाचकांसाठी मात्र लिहितो. बेळगाव जिल्ह्यातच सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंची, मराठी आणि कानडी, लक्षावधी माणसे तेथे जातात. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवीच्या वैधव्याच्या स्मरणार्थ जोगतिणींच्या बांगड्या फुटतात आणि माघी पौर्णिमेला पुन्हा भरल्या जातात. या देवीला मुलगी सोडण्याच्या विधीला कानडीत ‘मुत्तु कट्टुवुदु’, म्हणजे मोती बांधणे, म्हणतात. लाल-पांढऱ्या मण्यांची ती माळ एकदा गळ्यात पडली, की मुलीचे लग्न नाही. पुढे तिचे काय होते हे निराळे सांगावयास नको. आणि पुष्कळ घरांत ती माळ आईकडून मुलीकडे आलेली असते.

निवड कशी होते? बहुधा केसांवरून. तेलपाणी नाही, फणी नाही, उन्हातान्हात माती आणि घाम. केसांचा गुंता होतो. गुंत्याला कोणी तरी ‘जट’ म्हणते. जट म्हणजे देवीचे बोलावणे, म्हणून मग मुद्दाम विंचरावयाचे नाही, वर भंडारा लावावयाचा. गुंता घट्ट होतो आणि बोलावणे सिद्ध होते. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ सालीच झाला, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. कर्नाटकाचा बंदी कायदा १९८२ चा. माळा उघडपणे बांधणे कमी झाले. ज्यांच्या गळ्यात त्या अगोदरच होत्या, त्यांची मुले आमच्या शाळांत आली. प्रवेशाच्या रजिस्टरात वडिलांच्या नावाचा रकाना असतो. अशा आईसमोर लेखणी घेऊन बसलेल्या मुख्याध्यापकाला त्या रकान्याची लांबी कळते.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असताना सहावीतील एका मुलीच्या मानेवर अशी जट मी पाहिली. आजी म्हणत होती, देवीची आहे, हात लावू नका. आमच्या एका शिक्षिका तीन वेळा त्या घरी गेल्या. आजीची हरकत एकच होती: “म्हस मेली, घरात कोण आजारी पडलं, तर कोण जिम्मेदार?” बाई म्हणाल्या, “माझ्यावर घाला.” आजीने आणखी एक रात्र घेतली, आणि सकाळी स्वतःच कात्री आणून बाईंच्या हातात दिली. त्यानंतर वर्षभर त्या घरात म्हैस शिंकली तरी निरोप शाळेकडे येत असे. बाई दर वेळी जाऊन म्हैस पाहून येत. मुलगी दहावी झाली.

याच मुलखाची कादंबरी मराठीत आहे, आणि ती या सीमेलगतच्या गडहिंग्लज भागातील लेखकाने लिहिली आहे. राजन गवस यांचे ‘चौंडकं’ १९८५ साली आले. जट आलेल्या मुलीची जोगतीण कशी होते ते त्यात आहे. देवीला सोडलेल्या पुरुषाची, जोगत्याची, कथा त्यांच्या ‘भंडारभोग’मध्ये आहे. या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवरून २००९ साली ‘जोगवा’ हा चित्रपट झाला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला, पुस्तके थोड्यांनी वाचली. ‘चौंडकं’मध्ये भूत नाही, वाडा नाही, अदृश्य शक्तीचे पाऊल वाजत नाही. तरी राईसबाईंची हजार पाने जेथे आम्हाला घाबरवू शकली नाहीत, तेथे हे लहानसे पुस्तक मुलीचे पालक असलेल्या माणसाला एका बैठकीत घाबरविते. मी ते मंडळात वाचावयास दिले. आक्कांनी नातीकडून वाचून घेतले. त्यांचे मत: “लईच लवकर सपलं.”

आता इंग्रजी कादंबरीच्या शेवटाविषयी. रोवन ही विज्ञान शिकलेली, शस्त्र हाती धरणारी बाई. तिला वाटते की आपण बुद्धीच्या बळावर त्या लॅशरला अभ्यासू, आवरू. आणि शेवटी तीच त्याला देह मिळवून देते व त्याच्याबरोबर निघून जाते. नवरा त्या वाड्यात वाट पाहत राहतो. हा शेवट वाचकांना रुचत नाही. आमच्या महाविद्यालयीन मुलीला तर संताप आला. “सर, एवढी शिकलेली बाई अशी कशी फसते? मग शिकून उपयोग काय?” तरुणाने तिला सांगितले, की पुढील दोन भाग आहेत, त्यांत पाहा. ती म्हणाली, “पुढच्या भागाचं आश्वासन म्हणजे शेवट नव्हे.” हा तिचा मुद्दा टीकाकारांनीही टिपून ठेवावा असा आहे.

शिक्षकबंधूंनी नेमका याच जागी कादंबरीचा पक्ष घेतला, याचे सर्वांना आश्चर्य वाटले. ते म्हणाले, पदवीधर माणसे मुहूर्त पाहून मोटार घेतात. रोवन फसते हेच पुस्तकातले सर्वांत खरे पान. मुलीला ते मान्य नव्हते. तिचे म्हणणे असे, की रोवन शिकली खरी, पण त्या वाड्यात ती एकटी शिरली. तिला तिच्या आईविषयी कोणी वेळेवर काही सांगितलेच नाही, सारे दप्तर परक्यांच्या कपाटात. आक्कांनी मान हलविली, पण कोणाच्या बाजूने ते कळले नाही. दिवे जाण्याची वेळ झाली होती, म्हणून वाद तेथेच थांबला. पुढील बैठकीस ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड घेण्याचे ठरले आहे. ग्रंथालयात प्रत एकच, त्यामुळे प्रत्येकाला आठ दिवस, आक्कांना पंधरा.