गृहव्यवस्था : कुत्र्यासाठीं कुंपण कोणतें?

कुत्रा पाळावयाचा असें घरांत ठरलें, म्हणजे त्याचें नांव काय ठेवावें यावर आबालवृद्धांची आठ दिवस चर्चा होते. परसांत त्यास मोकळें कसें ठेवावयाचें, याचा विचार मात्र बहुधा तो शेजाऱ्यांच्या अंगणांत शिरल्यावरच सुरू होतो. मग घाईघाईनें साखळी येते आणि राखणीसाठीं आणलेलें मुकें जनावर जन्माचें बंदिवान होऊन बसतें. सदा बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, आणि त्याच्यापासून पहिलें भय असतें तें घरांतील मुलांस. जनावरास आखूड किंवा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें अपराधही आहे. म्हणून कुत्र्याच्या आधीं कुंपण, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

कुंपण घालतांना आपल्या डोळ्यांपुढें चोर असतो. येथें तो कुत्रा असावयास हवा. कुत्रा तीन वाटांनीं बाहेर पडतो : वरून उडी मारून, खालून माती उकरून आणि मधल्या फटींतून अंग चोरून. या तिन्ही वाटा जें बंद करील आणि त्यास इजा करणार नाहीं, तेंच कुंपण चांगलें.

या कसोटीस आपलीं पूर्वापार कुंपणें लावून पाहूं. मेंदीची वई दिसावयास सुरेख; परंतु तिच्या बुंध्याशीं एवढी मोकळी जागा राहते कीं, पिलू सहज निसटतें. शेराचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह होतो व कांहीं काळ दिसेनासेंही होतें. कण्हेर तर त्याहून घातक. तांबडी असो, पांढरी असो कीं पिवळी असो, तिचीं पानें, साल व मुळें विषारी असून तें विष हृदयावर परिणाम करितें. दांत येत असतां पिलें सांपडेल तें चावतात. तेव्हां देवपूजेच्या फुलांसाठीं कण्हेर हवीच असेल, तर ती कुत्र्याच्या व लहान मुलांच्या आवाराबाहेर असावी. कोंकणांतील नुसते दगड रचून केलेल्या गडग्यावर कुत्र्यास पाय रोवून चढतां येतें. शिवाय त्याच्या सांदींत सापास आसरा मिळतो. काटेरी तार कुत्र्यास अडवीत नाहीं, फाडते. आणि घरची वीज तारेंत सोडण्याचा अघोरी उपाय तर कोणीही, कधींही करूं नये. तींत माणसाचा जीव जातो.

ऐपत असल्यास विटांची किंवा चिऱ्याची पक्की भिंत उत्तम. तेवढा खर्च करावयाचा नसेल, तर लोखंडी खांबांस ताणून बसविलेली जाड जस्ती जाळी पुरेशी होते. मध्यम चणीच्या कुत्र्यास पांच फूट उंची बहुधा पुरते. मोठ्या किंवा चपळ कुत्र्यास सहा फूट ठेवावी. जाळीचीं भोकें दोन इंचांहून मोठीं नसावींत. तिचा खालचा फूटभर भाग आंतल्या बाजूस वळवून जमिनींत पुरावा व वर दगड दाबावेत. उकरणारा कुत्रा जाळीशींच अडतो. रस्त्याकडील बाजू पत्र्यानें झांकावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तो दिवसभर भुंकत नाहीं आणि शाळेस जाणारीं मुलें आंत हात घालीत नाहींत. धुण्याचा दगड, सरपणाचा ढीग, जुनें पिंप हीं कुंपणापासून दूर असावींत. नाहीं तर आपणच त्याला जिना करून दिल्यासारखें होतें.

एवढें करूनही एक छिद्र उरतें, तें फाटकाचें. एकत्र कुटुंबांत दूधवाल्यापासून शिकवणीच्या मुलांपर्यंत पन्नास वेळां फाटक उघडतें, आणि सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे! म्हणून आपोआप मिटणारें, स्प्रिंगचें फाटक बसवावें व त्याखालीं फट ठेवूं नये.

कुंपण सर्व संकटें वारील, अशा भ्रमांत मात्र राहूं नये. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या मुलास लस टोचली, त्यास आतां शतकाहून अधिक काळ लोटला; तरीही या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं खात्रीचा उपाय नाहीं. तो लाळेंतून पसरतो, आणि भटक्या कुत्र्याशीं झोंबी जाळीपाशींही होऊं शकते. यास्तव पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें लस चुकवूं नये. कोणास चावा बसलाच, तर जखम साबणानें, वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून तत्काळ रुग्णालय गाठावें; हळद-चुना लावण्यांत वेळ दवडूं नये. जुन्नर-अकोल्याकडील उंसाच्या मुलखांत किंवा मुंबईत राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें : कुत्रा हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य, आणि सहा फुटांची भिंत त्यास एका झेपेची. तेथें रात्रीं कुत्रा घरांतच असावा.

शेवटीं, कुंपण कुत्र्यास मोकळीक देतें, सोबत देत नाहीं. सकाळ-संध्याकाळ त्यास फिरावयास कोण नेणार, हें खांब रोवण्यापूर्वींच घरांत ठरवून घ्यावें. ज्या घरीं यास कोणी राजी नसेल, त्यांनीं कुंपणाचा खर्च वांचवावा आणि कुत्राही आणूं नये.