अपक्ष मतदाराची कैफियत

निवडणूक जाहीर झाली की आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या यादीशेजारी निवडणूक कामाच्या नेमणुकांची यादी लागते. आम्ही मराठीचे अध्यापक दोन्ही याद्यांत असतो. गेल्या वीस वर्षांत नगर जिल्ह्यातील (आता अधिकृतपणे अहिल्यानगर) कितीतरी शाळांच्या वर्गखोल्यांत आम्ही मतदानाची आदली रात्र काढली आहे, पहाटे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतले आहे आणि सायंकाळी यंत्रे मोहोरबंद करून परत आणली आहेत. मतदानाचा विधी आम्हांला तोंडपाठ आहे. म्हणूनच, त्या विधीतून मतदाराचे म्हणणे खरोखर पुढे पोहोचते का, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही.

आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही. अशा माणसासाठी मराठीत शब्द शोधू गेलो तर ‘अपक्ष’ हा हाताशी येतो. पण तो उमेदवारासाठी राखून ठेवलेला आहे. अपक्ष उमेदवाराला चिन्ह मिळते, मतपत्रिकेवर जागा मिळते. निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात सामील झाला तर पक्षांतरबंदी कायद्यानुसार तो अपात्र ठरतो. म्हणजे त्याचे अपक्षपणही कायद्याने गांभीर्याने घेतले आहे. अपक्ष मतदार ही संज्ञा मात्र ना कायद्यात आहे, ना वर्तमानपत्रांच्या भाषेत. तिथे आम्ही ‘कुंपणावरचे’ असतो.

२००९च्या लोकसभा निवडणुकीतील एक प्रसंग आमच्यापैकी एकाच्या मनातून जात नाही. एका खेड्यातील केंद्रावर एक निवृत्त शिक्षक आले. शाई लावून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मला कोणालाच मत द्यायचे नाही, तशी नोंद करा.” त्या काळी निवडणूक संचालन नियमांतील ‘४९-ओ’ हा एकच मार्ग होता. केंद्राध्यक्षाने नोंदवहीत शेरा लिहायचा आणि मतदाराने त्यापुढे सही करायची. सही होईपर्यंत समोरच्या बाकावरील सारे प्रतिनिधी मान वर करून पाहत होते. ज्याने कोणाला तरी मत दिले त्याचे मत गुप्त राहिले. ज्याने नकार दिला त्याचा नकार दिवेलागणीपूर्वी गावभर झाला असणार.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती ओळखली आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आला. ज्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उमेदवार नाकारण्याच्या अधिकाराची मागणी लावून धरली होती, त्या जिल्ह्यात आम्हांला त्याचा आनंद झाला. परंतु विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवारच विजयी ठरतो. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला. २०२४मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात दोन लाखांहून अधिक मतदारांनी ते बटण दाबले. निकालावर याचा परिणाम शून्य. नकार गुप्त झाला, पण परिणामशून्यच राहिला.

नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांपुरते एक पाऊल पुढे टाकले. ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास कोणालाही विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घ्यायची, असा तो आदेश होता. मात्र फेरनिवडणुकीत तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात, आणि दुसऱ्यांदाही ‘नोटा’च पुढे राहिला तर त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. विद्यार्थ्याने नापास उत्तरपत्रिका पुन्हा तशीच आणून द्यावी आणि दुसऱ्या वेळी आम्ही ती उत्तीर्ण करावी, असा हा प्रकार आहे.

या आदेशानंतर लगेच, ९ डिसेंबर २०१८ रोजी, आमच्या नगर महापालिकेचे मतदान झाले. अडुसष्ट जागांपैकी शिवसेनेला चोवीस, राष्ट्रवादी काँग्रेसला अठरा आणि भारतीय जनता पक्षाला चौदा मिळाल्या. महिनाअखेरीस महापौर झाला तो तिसऱ्या क्रमांकावरील भाजपचा, आणि तो झाला राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. पक्षाने पुढे त्या अठरा जणांना काढून टाकले; महापौर कायम राहिला. यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. ज्या मतदाराने भाजप नको म्हणून घड्याळ निवडले, त्याच्या मताचा अर्थ मात्र तीन आठवड्यांत उलटा लावला गेला. संहितेचा अर्थ वाचकागणिक बदलतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे संहिता लिहिणाऱ्या मतदाराला बाहेर ठेवून अर्थ ठरवला गेला, आणि तोच अडीच वर्षे अंतिम राहिला.

पक्षांच्या या खेळाला कंटाळून मतदार अपक्ष उमेदवाराकडे वळतो, तर तेथेही पक्ष भेटतात. २०२३च्या जानेवारीत नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली होती. त्यांनी अर्जच भरला नाही; शेवटच्या दिवशी त्यांचे पुत्र सत्यजित तांबे यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि ते निवडून आले. त्यांच्या पात्रतेविषयी आमचे काही म्हणणे नाही. आमची तक्रार शब्दाविषयी आहे. घराणे, संस्था आणि पक्ष यांच्या आतून आलेली उमेदवारी जेव्हा ‘अपक्ष’ म्हणवते, तेव्हा खरोखर कोणाचेही नसलेल्या माणसाजवळ स्वतःसाठी कोणता शब्द उरतो? ‘सोयऱ्याधायऱ्यांचे राजकारण’ हा शब्दप्रयोग आमच्या जिल्ह्याच्या संदर्भात उगाच रुळलेला नाही.

‘बिनविरोध’ या शब्दाचे तर आपल्याकडे कौतुकच होते. हिवरेबाजारसारख्या गावाने अनेक वर्षे बिनविरोध निवडणूक केली, त्यामागे कामाची पुण्याई होती; आणि २०२१मध्ये तीस वर्षांनी मतदान झाले तेव्हा पोपटराव पवारांच्या गटाने साऱ्या सात जागा जिंकून ती मतपेटीतूनही सिद्ध केली. परंतु त्याच जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका, पदांचा लिलाव झाल्यामुळे, आयोगाला रद्द कराव्या लागल्या. तेथेही शब्द ‘बिनविरोध’ हाच असणार होता. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांत राज्यभरात साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध आले; त्यांत आमच्या शहरातलेही काही होते. एकच उमेदवार उरला की त्या जागेसाठी मतदानच होत नाही, आणि मतदान नाही म्हणून ‘नोटा’ही नाही. विरोध नव्हता की विरोधाला जागा नव्हती, हे त्या शब्दावरून कळत नाही.

कायद्याला शब्दाची किंमत कळत नाही, असेही नाही. १९९१मध्ये नगरमधून लोकसभेवर निवडून आलेले यशवंतराव गडाख यांची निवडणूक प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी केलेल्या असत्य विधानाच्या कारणावरून उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि नोव्हेंबर १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. साहित्याचे विद्यार्थी ‘अर्धविराम’चे लेखक म्हणून त्यांना ओळखतात. सभेतील वाक्यांमुळे खासदारकी जाऊ शकते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. प्रतिस्पर्ध्याविषयीच्या खोट्या शब्दाला असे शासन आहे. मतदाराला दिलेला शब्द मोडण्याला मात्र कसलेच नाही.

यावर एक आक्षेप आम्हीच घेतो. पक्षांवाचून संसदीय लोकशाही चालत नाही. जो पक्षात जात नाही, प्रभागसभेला बसत नाही, उमेदवार निवडण्याच्या कामात भाग घेत नाही, त्याने आयत्या यादीबद्दल तक्रार का करावी? हा आक्षेप आम्हांला लागू पडतो. तटस्थतेला आम्ही अध्यापकांनी अनेकदा सद्गुण मानले. प्रत्यक्षात तिच्यात सोय आणि थोडी भीती होती. शिवाय एकेका मताचे मोल नाही, असेही म्हणवत नाही. २०२४मध्ये कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार अवघ्या १,२४३ मतांनी निवडून आले. अर्थात, तेथे पराभूत झालेले राम शिंदे विधान परिषदेचे सदस्य होतेच. महिनाभरात ते तिचे सभापती झाले. मतदाराचा होकार आणि नकार यांत नेमका फरक कशाने पडतो, हे विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगावे?

तरीही आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली ही की ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक व्हावी, तीत नाकारलेले उमेदवार नसावेत आणि एकमेव उमेदवार असला तरी मतदान घेतले जावे. दुसरी पसंतीक्रमाची. पदवीधर मतदारसंघात आम्ही उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे क्रम लिहितो. ‘हा हवा, तो नसेल तर हा चालेल’ एवढे साधे वाक्य तेथे मताला बोलता येते. ही सोय पदवीच्या कागदावर का अवलंबून असावी? घरात बाजारहाटापासून लेकीच्या स्थळापर्यंत सारे पसंतीक्रम ठरवणाऱ्या आमच्या आईला विधानसभेसाठी एकच बटण आहे.

पुढच्या निवडणुकीत फलकावर पुन्हा यादी लागेल आणि आम्ही पुन्हा केंद्रावर जाऊ. मतही देऊ, कारण न देण्याचा अर्थ तर इतरांना आणखीच सोयीस्करपणे लावता येतो. पण या वेळी प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, निकालानंतर तुम्ही कोणाबरोबर बसणार नाही, हे लेखी द्या, असे म्हणणार आहोत. तो कागद न्यायालयात टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही तो जपून ठेवू आणि पाच वर्षांनी त्याच्यासमोर वाचून दाखवू.