पाटी कधी रंगवावी?

व्यापाऱ्याला उधारी आणि जावई या दोन गोष्टी पूर्वीपासून छळत आल्या आहेत. त्यात आता वेबसाइटची भर पडली आहे. उधारी वसूल होत नाही, जावई तृप्त होत नाही आणि वेबसाइट पुरी होत नाही. तिघांनाही दर दिवाळीला काहीतरी नवं लागतं.

आता केमसारख्या गावात वेबसाइट कशाला, असं एखादा शहरी वाचक विचारील. ज्यांना केम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मध्ये हे स्टेशन आहे. गाडीत डुलकी लागली तर ते दिसत नाही. पण तुमच्या देव्हाऱ्यातल्या करंड्यात ते बहुधा आहे, कारण केम हे कुंकवाचं गाव. पंढरपुरापासून तुळजापुरापर्यंत देवांच्या दारी जे लाल ढीग रचलेले दिसतात, त्यांतले कितीतरी इथून निघालेले असतात. असा माल गावोगावी धाडणाऱ्याला पाटी हवी, आणि आजची पाटी म्हणजे वेबसाइट. त्याबद्दल माझा वाद नाही. ती केव्हा रंगवावी याबद्दल आहे.

या बाबतीत दोन पंथ आहेत आणि माझा दोघांशीही उभा दावा आहे.

पहिला पंथ नूतनीकरणवाद्यांचा. त्यांचा प्रचारक पुण्याहून येतो, पाठीवर बॅग असते, आणि तो आल्या आल्या म्हणतो, "काका, लूक जुना झालाय." आमच्या एका कुंकूवाल्या स्नेह्यांकडे असाच एक आला होता. स्नेही म्हणाले, "लूक जुना झालाय म्हंजे? आवं, कुंकूच जुनं हाय की! त्ये काय दर दोन सालाला निळं करायचं व्हय?" प्रचारक दचकला नाही. ही जात दचकत नाही. त्याने ताबडतोब मुखपृष्ठावर हलणारं चित्र, मंद संगीत आणि एक हसणारी गोरी बाई सुचवली. त्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हे फक्त काकूंच्या लक्षात आलं.

माझं म्हणणं असं की, मालकाला कंटाळा आला हे पाटी बदलण्याचं कारण होऊ शकत नाही. मालक ती रोज पाहतो. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा पाहतं, आणि दोन्ही वेळा त्याला घाई असते. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या दुकानाने २०१४च्या फेब्रुवारीत पंधरा कोटी पौंड ओतून नवी वेबसाइट उभारली आणि जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा नाव नोंदवायला लावलं. त्यानंतरच्या पहिल्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री आठ टक्क्यांनी घसरली. पंधरा कोटी पौंड खर्चून गिऱ्हाईक घालवणं साहेबाला परवडत असेल. केममध्ये हेच काम दुकान बंद ठेवून फुकटात होतं. उलट वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीची वेबसाइट पाहा. वर्षानुवर्षे नुसती अक्षरं आणि दुवे. आपल्या ग्रामपंचायतीचा नोटीसबोर्डही तिच्यापुढे नटलेला वाटावा. म्हणून कुणी त्यांचे शेअर विकायला काढले असं ऐकिवात नाही.

इथवर वाचून दुसऱ्या पंथाची मंडळी मिशीला पीळ देऊ लागली असतील. त्यांनी तो सोडावा. हा पंथ सनातन्यांचा. "वेबसाइट हाय की आमची! दोन हजार बाराला केलीया!" असं ते ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने फक्त वाड्याचा जोता किंवा मुलाचं लग्न सांगावं. २०१२ नंतर जगात काय काय झालं याची त्यांच्या वेबसाइटला गंधवार्ता नसते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. तिथे अजून 'व्हॅट वेगळा' असं बजावलेलं असतं. कुंकवावर जीएसटी नाही हे सांगून गिऱ्हाईक खूष करण्याची संधी आयती चालून आली होती, तीही दवडली. जिथे पूर्वी फ्लॅशची समई तेवत असे तिथे आता रिकामा चौकोन आहे, कारण २०२१च्या जानेवारीपासून फ्लॅश चालणंच बंद झालं. आणि क्रोम ब्राउझर तर जुलै २०१८पासून, पत्त्याला सुरक्षेचं कुलूप नसलेल्या प्रत्येक वेबसाइटवर 'असुरक्षित' असा शेरा मारतो. म्हणजे गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की दारावरचा गुरखाच म्हणतो, "आत जाऊ नका, धोका आहे!"

याने बिघडतं काय, ते सांगतो. माझ्या माहितीतल्या एका महिला मंडळाला संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी केमचंच कुंकू हवं होतं. त्यांनी एका कारखान्याच्या वेबसाइटवरचा नंबर फिरवला. तो लँडलाइनचा, मालकाने केव्हाच काढून टाकलेला. दोन दिवस प्रयत्न करून त्यांनी दुसरीकडून माल घेतला. त्या दुकानाची वेबसाइट झगझगीत होती, पुडीवर देवीचं चित्र होतं आणि आत रंगवलेलं पीठ होतं. चार जणींच्या कपाळाला खाज सुटली. इकडे कारखान्यात हळदीला खार आणि लिंबू देऊन रंग आणणारा माणूस गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. सचोटीचा माल मुका राहिला आणि भेसळीला वाचा फुटली. असे दहा फोन चुकले की एका घरचा हंगाम जातो, आणि तो का गेला हे त्या घराला कधीच कळत नाही. न आलेल्या फोनची घंटा कुणाला ऐकू येते?

तेव्हा माझा सिद्धान्त एवढाच : पाटी जुनी झाली म्हणून रंगवू नये, खोटी बोलू लागली की एक दिवसही थांबू नये. नंबर बदलला, भाव बदलला, मालाचा वाण बदलला, की त्याच संध्याकाळी दुरुस्ती. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर तेही खोटं बोलणंच झालं, कारण 'आपलं स्वागत आहे' हे स्वागत कुणाला वाचताच येत नाही. बाकी रंग, नक्षी, हलणारी चित्रं या गोष्टी मुलाच्या लग्नापर्यंत थांबू शकतात.

परीक्षा सोपी आहे. पाडव्याला वहीपूजन झालं की कुणाचा तरी मोबाइल मागून घ्यावा, आपलीच वेबसाइट उघडावी आणि परक्या माणसासारखा आपल्यालाच फोन लावावा. आपल्या खिशात घंटा वाजली तर पेढा खावा आणि पुण्याच्या प्रचारकाला चहा पाजून परत धाडावं. नाही वाजली, तर मात्र आधी त्या भाच्याला गाठावं, ज्याने २०१२ साली वेबसाइट करून दिली, पासवर्ड स्वतःपाशी ठेवला आणि जो सध्या बंगळुरात असतो. तो फोन उचलील की नाही, याला माझ्यापाशी सिद्धान्त नाही.